पेवातला कंदील

ज्वारीचं पेव उघडणं हे घाईचं काम नाही. तोंडावरची माती उकरायची, दगडी झाकण सरकवायचं आणि चक्क लांब जाऊन बसायचं. आतून उबट, आंबूस वास वर येत राहतो. बऱ्याच वेळाने कुणीतरी दोराला पेटता कंदील बांधून तो हळूहळू आत सोडतो. कंदील धान्याला टेकेपर्यंत जळत राहिला, तर माणूस उतरतो. मध्येच ज्योत बारीक होऊन विझली, तर पेव आणखी काही तास तसंच उघडं ठेवायचं. आता अशी पेवं फार थोडी उरली. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं नावाजलेली होती, पण नदीकाठच्या त्या पेवांनाही कृष्णेच्या पुराने सोडलं नाही. भाषेत मात्र अजून कशाचंही ‘पेव फुटतं’.

ज्वारीचा दाणा वाळलेला असला तरी मेलेला नसतो. तो श्वास घेतो, अतिशय संथ, पण घेतो. झाकण बंद झालं की ती हजारो किलो ज्वारी, तिच्यातले सोंडे आणि कोपऱ्यातली बुरशी, सगळे मिळून त्या कोंडलेल्या हवेतला ऑक्सिजन वापरू लागतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडू लागतात. काही दिवसांनी सोंड्यांना जगण्यापुरता ऑक्सिजन उरत नाही. ते मरतात आणि धान्य टिकतं. म्हणजे ज्या हवेमुळे पेवातलं धान्य वर्षानुवर्षं राहतं, तीच हवा आत उतरणाऱ्याचा जीव घेऊ शकते. आपल्या पूर्वजांना ऑक्सिजन हे नाव माहीत नव्हतं, पण आपल्या नाकावर विश्वास ठेवायचा नाही, दिव्यावर ठेवायचा, एवढं त्यांना कळलं होतं. त्यातलं पहिलं शहाणपण मला दुसऱ्यापेक्षा मोठं वाटतं. का, ते ओघात येईलच.

आधी हवेची मोजदाद करू. कोरड्या हवेचे शंभर भाग केले तर ७८.०८ भाग नायट्रोजन, २०.९५ भाग ऑक्सिजन आणि ०.९३ भाग आरगॉन निघतो. उरलेल्या चिमूटभरात जवळजवळ सगळा कार्बन डायऑक्साइड, म्हणजे सुमारे ०.०४ भाग. त्याच्यानंतर निऑन, हेलियम, मिथेन वगैरे मंडळी दहा लाखांत अठरा, पाच, दोन अशा हिशेबाने येतात. ‘कोरड्या’ हा शब्द मुद्दाम घातला आहे. जूनच्या मुंबईत हवेतली वाफच तीन टक्क्यांच्या आसपास असते आणि तेवढी जागा ती बाकीच्यांकडून काढून घेते.

नायट्रोजन नाकातून जातो तसाच परत येतो. शरीराला तो नको असतो असं मात्र नाही. स्नायू, केस, नखं, सगळ्यांतल्या प्रथिनांना नायट्रोजन लागतो. पण नाकाशी चोवीस तास घोटाळणारा हा वायू आपल्याला थेट घेता येत नाही. तुरीच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू तो जमिनीत पकडतात, मग तो डाळीत येतो आणि वरणभाताच्या वाटेने आपल्यापर्यंत पोचतो. आरगॉनची तऱ्हा आणखी वेगळी. त्याच्या ग्रीक नावाचा अर्थच आळशी असा आहे. दिवसभरात आपण सुमारे नव्वद लिटर आरगॉन आत घेतो आणि तितकाच बाहेर सोडतो, काहीही न घडता. १८९४ पर्यंत तो हवेत आहे याचाच कुणाला पत्ता नव्हता.

स्वस्थ बसलेला माणूस एका श्वासात सुमारे अर्धा लिटर हवा घेतो, मिनिटाला बारा-पंधरा वेळा. दिवसाचा हिशेब दहा हजार लिटरच्या आसपास जातो. वजनात सांगायचं तर बारा किलो. भाकरी, भाजी, पाणी यांचं आपण कौतुक करतो, पण शरीरात सर्वांत जास्त वजनाने जाणारी वस्तू हवाच आहे.

‘आपण ऑक्सिजन आत घेतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडतो’ हे शाळेतलं वाक्य चुकीचं नाही, पण त्यामुळे डोक्यात चित्र चुकीचं उभं राहतं. जणू आत जाते ती एक वस्तू आणि बाहेर येते ती दुसरीच. प्रत्यक्षात आत जाते ती हवा आणि बाहेर येते तीही हवाच, किंचित बदललेली. ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १६-१७ वर उतरलेला असतो. कार्बन डायऑक्साइड ०.०४ वरून ४ च्या जवळ गेलेला असतो. शिवाय ती हवा ऊन आणि ओलीचिंब झालेली असते. म्हणजे उच्छ्वासातही कार्बन डायऑक्साइडच्या चौपट ऑक्सिजन असतो. म्हणूनच बुडालेल्याला तोंडाने श्वास देता येतो. आपला टाकाऊ वाटणारा उच्छ्वास दुसऱ्याच्या फुप्फुसाला पुरेसा असतो.

इतका ऑक्सिजन वाया का घालवायचा, असं वाटेल. एक कारण अगदी साधं आहे. घेतलेल्या अर्ध्या लिटरपैकी सुमारे दीडशे मिलिलिटर हवा नाक, घसा आणि श्वासनळी यांतच अडकते. ती फुप्फुसांतल्या वायुकोशांपर्यंत पोचतच नाही. उच्छ्वासात आधी बाहेर पडते ती हीच, जशीच्या तशी. मागून येते ती खरी वापरलेली हवा. तिच्यात ऑक्सिजन १४ टक्क्यांच्या आसपास आणि कार्बन डायऑक्साइड साडेपाच टक्के. हा साडेपाचचा आकडा लक्षात राहू द्या.

जाता जाता एक गंमत. माणसाचं वजन उतरतं तेव्हा ती चरबी जाते कुठे? घामातून, असं बहुतेकजण सांगतात. कुणी म्हणतं, ‘तिची ऊर्जा होते.’ चरबीतल्या कार्बनला बाहेर पडायला मुख्य वाट नाकाची. दहा किलो चरबी शरीरात पूर्ण जळली तर ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे जाते आणि उरलेल्या १.६ किलोचं पाणी होतं. तेव्हा सकाळी फिरायला जाणारे काका अक्षरशः पोट फुंकून टाकत असतात. आणि हो, माणसांच्या श्वासामुळे पृथ्वी तापते का, हा प्रश्न कुणीतरी विचारतंच. नाही तापत. आपण सोडतो तो कार्बन अन्नातला, म्हणजे पिकांनी नुकताच हवेतून घेतलेला. कोळशातला आणि पेट्रोलमधला कार्बन कोट्यवधी वर्षं जमिनीत गाडलेला होता, हिशेब बिघडतो तो त्याने.

आता कंदिलाकडे येऊ. पण त्याआधी शाळेतल्या एका प्रयोगाची झाडाझडती घ्यायला हवी. ताटलीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, वरून पेला उपडा. मेणबत्ती विझते, पेल्यात पाणी चढतं, साधारण पाचवा हिस्सा. बाई सांगतात, ‘पाहा, हवेतला एक पंचमांश ऑक्सिजन संपला, त्याची जागा पाण्याने घेतली.’ आम्ही सगळ्यांनी हे वहीत लिहून मार्क मिळवले आहेत. उत्तर बरोबर, कारण साफ चूक. मेणबत्ती ऑक्सिजन संपेपर्यंत जळतच नाही. तो १६-१७ टक्क्यांवर आला की ती मान टाकते, म्हणजे पेल्यात तीन चतुर्थांशाहून जास्त ऑक्सिजन शिल्लक असतो. शिवाय जळालेल्या ऑक्सिजनच्या जागी कार्बन डायऑक्साइड आलेला असतोच. पाणी चढतं ते मुख्यतः उष्णतेमुळे. पेला ठेवताना आतली हवा तापून फुगलेली असते, थोडी कडेने निसटते. ज्योत विझताच उरलेली थंड होऊन आक्रसते आणि पाणी आत ओढलं जातं. पटत नसेल तर एकीऐवजी तीन मेणबत्त्या लावून पाहा. हवा तीच, ऑक्सिजन तितकाच, पण पाणी जास्त चढेल.

मेणबत्ती ज्या आकड्यावर विझते तोच आपल्या उच्छ्वासाचा आकडा आहे. याचा अर्थ दिवा माणसाच्या बराच आधी हार मानतो. १६ टक्क्यांत दिवा जाईल, माणूस थोडा धापा टाकेल, पण उभा राहील. पेवातला कंदील उपयोगी पडतो तो याच फरकामुळे. मात्र हा दिवा आणि हे फुप्फुस एकच गोष्ट मोजत नाहीत. लेहला जाऊन आलेल्यांना विचारा. साडेतीन हजार मीटर उंचीवर हवेचा दाब इतका कमी असतो की तिथला श्वास समुद्रकाठी १४ टक्क्यांहून कमी ऑक्सिजनची हवा घेण्यासारखा होतो. दोन जिने चढले की माणूस बसतो. पण देवापुढची समई तिथे खुशाल तेवते. हवेचं मिश्रण लेहलाही तेच, शंभरात एकवीस. ज्योतीला हे प्रमाण लागतं, रक्ताला दाब लागतो.

उच्छ्वासात वेगळा वायू आहे हे पहिल्यांदा नेमकं दाखवलं स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅकने. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकलं की ती दुधासारखी पांढरी होते, हा आपल्या प्रयोगशाळेतला प्रयोग त्याचाच. पण मला आवडतो तो त्याचा ग्लासगोच्या चर्चमधला उद्योग. १७६४-६५ च्या हिवाळ्यात तिथे दीड हजार माणसं दहा तास प्रार्थनेला बसली होती. ब्लॅकने छताजवळच्या हवा जाण्याच्या वाटेत चिंध्यांवर अल्कलीचं द्रावण ठिबकत ठेवलं. प्रार्थना संपली तेव्हा त्यात स्फटिक जमले होते. दीड हजार भाविकांचा श्वास त्याने असा गोळा केला. पुढे लव्हॉयझिए आणि लाप्लास यांनी १७८३ मध्ये गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवून किती बर्फ वितळला ते मोजलं, आणि श्वास म्हणजे संथ जळणंच असं सांगितलं. कंदील आणि ज्वारीचा दाणा, दोघंही एकच काम करतात, एक भडकून आणि एक निवांतपणे. लव्हॉयझिएला हे प्रकरण पुरतं तडीला नेता आलं नाही. ८ मे १७९४ रोजी पॅरिसमध्ये त्याला गिलोटिनखाली जावं लागलं.

त्यानंतर शंभर वर्षं लोकांची एक पक्की समजूत होती. कोंदट खोलीत जीव घाबरतो तो ऑक्सिजन संपल्यामुळे. आजही आपण तेच म्हणतो. ‘खिडकी उघड रे, ऑक्सिजन येऊ दे.’ जरा हिशेब करून पाहू. दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली. तिच्यात सुमारे ३४ हजार लिटर हवा, त्यात सात हजार लिटरहून थोडा जास्त ऑक्सिजन. तीन माणसं झोपली आहेत. दारं-खिडक्या इतक्या घट्ट की फटीतूनसुद्धा वारा येत नाही, असं धरू. प्रत्येकी तासाला सुमारे १५ लिटर ऑक्सिजन, आठ तासांत तिघांचा ३६० लिटर. म्हणजे २१ टक्क्यांचे सकाळी २० होतील, बस्स. आता दुसरी बाजू पाहा. प्रत्येकी तासाला १२ लिटर कार्बन डायऑक्साइड, आठ तासांत तिघांचा २८८ लिटर. ०.०४ वरून जवळजवळ ०.९ टक्का. ऑक्सिजन विसावा हिस्सा घटला आणि कार्बन डायऑक्साइड वीसपट झाला. हवेच्या जमाखर्चात श्वासाने खरी उलथापालथ होते ती या सर्वांत लहान रकमेत. म्युनिकच्या पेटनकोफरने १८५८ मध्येच सांगून ठेवलं होतं की खोली किती बंद आहे ते ऑक्सिजनवरून नव्हे, कार्बन डायऑक्साइडवरून पाहा, ०.१ टक्क्याच्या वर गेला की हवा खेळती नाही असं समजा. हल्ली वर्गात आणि कचेरीत लावतात ती हवेची मीटरं हाच आकडा दाखवतात, फक्त ‘१००० पीपीएम’ असं लिहून.

आणि रात्री झाडाखाली झोपू नये हे? तीनजणांच्या त्या खोलीत शेजारी झोपलेला भाऊ कुंडीतल्या झाडापेक्षा कितीतरी जास्त वायू सोडतो, त्याला कुणी बाहेर काढत नाही. पिंपळ रात्रीसुद्धा ऑक्सिजन देतो ही उलट टोकाची समजूतही तितकीच निराधार. उजेडाशिवाय कुठलंच झाड ऑक्सिजन बनवत नाही.

पण मग कोंदट वाटतं ते कशाने? ०.९ टक्का कार्बन डायऑक्साइडने फार तर डोकं जड होईल. याचा छडा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रेस्लाऊत फ्ल्यूगे यांच्या प्रयोगशाळेत आणि पुढे लंडनमध्ये लेनर्ड हिल यांनी लावला. हिल यांनी विद्यार्थ्यांना एका लहानशा बंद कोठडीत बसवलं. आत ऊब वाढली, ओल वाढली, मुलं घामाघूम होऊन बेचैन झाली. कुणीतरी सिगारेट पेटवायला काडी ओढली, ती जळेना. ऑक्सिजन उतरला होता, पण मुलांना वाटलं काड्यांचंच काहीतरी बिघडलंय. आता खरी मेख. आतल्या मुलांना नळीने बाहेरची ताजी हवा ओढायला दिली. काही फरक नाही. बाहेरच्या माणसाने नळीने आतली ‘खराब’ हवा ओढली. त्यालाही काही झालं नाही. शेवटी आतला पंखा सुरू केला. हवा तीच, घाण तीच, फक्त ती हलू लागली, आणि सगळ्यांच्या जिवात जीव आला. मे महिन्यात संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये आपण ज्याला ‘श्वास कोंडला’ म्हणतो, तो बहुतेक वेळा फुप्फुसाचा नसतोच. तो कातडीचा असतो. घाम वाळत नाही, शरीराची उष्णता जायला वाट नाही, आणि तक्रार आपण नाकाच्या नावाने नोंदवतो.

बरं, खरंखुरं गुदमरणं तरी ऑक्सिजनच्या अभावाचं असतं का? नाक दाबून तीस-चाळीस सेकंद बसा. जी तडफड सुरू होते, ती ऑक्सिजन संपल्याची नाही. त्या वेळी रक्तात तो भरपूर शिल्लक असतो. जॉन स्कॉट हाल्डेन आणि प्रीस्टली यांनी १९०५ मध्ये दाखवलं की वायुकोशांतला कार्बन डायऑक्साइड आपण साडेपाच टक्क्यांच्या आसपास जवळजवळ स्थिर राखतो, हा तोच मघाचा आकडा. तो नुसता ०.२ टक्क्यांनी वाढला की श्वसन दुप्पट होतं. हा वायू पाण्यात विरघळला की आम्ल होतं. मेंदूच्या बुडाशी असलेल्या पेशींना आम्लता वाढल्याचं तत्काळ कळतं आणि त्या छातीला कामाला लावतात. ऑक्सिजनवर लक्ष ठेवणाऱ्या गाठी मानेतल्या रोहिणीजवळ आहेत, पण त्या जाग्या होतात ऑक्सिजन बराच उतरल्यावर.

या व्यवस्थेत काय धोका आहे ते १५ एप्रिल १८७५ रोजी फ्रान्समध्ये दिसलं. ‘झेनिथ’ नावाच्या बलूनमधून तिसांदिए, क्रोसे-स्पिनेली आणि सिव्हेल असे तिघे आठ हजार मीटरच्या वर गेले. बरोबर ऑक्सिजनच्या पिशव्या होत्या, नळ्या हाताशी लोंबत होत्या. श्वास घेताना कार्बन डायऑक्साइड नेहमीसारखा बाहेर जात होता, त्यामुळे गुदमरल्यासारखं काही वाटलंच नाही. उलट प्रसन्न वाटत होतं, असं तिसांदिएने नंतर लिहिलं. नळी तोंडात धरावी असं त्याच्या मनात आलं तेव्हा हात उचलेना. तो वाचला, पण बहिरा झाला. त्याचे दोघं सोबती मेलेले खाली आले.

आपल्याकडे बलून नाहीत, विहिरी आहेत. उन्हाळ्यात पोरं पैज लावतात, कोण जास्त वेळ पाण्याखाली राहतो. जाणकार पोरगा आधी काठावर बसून दहा-वीस जोरजोरात श्वास घेतो, ‘ऑक्सिजन भरून’ घेण्यासाठी. रक्तातलं हिमोग्लोबिन तर आधीच ९७-९८ टक्के भरलेलं असतं, तिथे आणखी काय भरणार? या फुंकण्याने एकच होतं, कार्बन डायऑक्साइड धुऊन जातो. मग पाण्याखाली धोक्याची घंटा उशिरा वाजते, कधी वाजतच नाही, आणि पोरगा तडफड न करता बेशुद्ध होतो. वरच्यांना वाटतं, तो पैज जिंकतोय.

जुनी विहीर, गोबरगॅसची टाकी, मैल्याची टाकी, गटार इथल्या बातम्या वाचल्या की एक गोष्ट सारखी दिसते. एक उतरतो आणि कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. बाहेरून हा वेडेपणा वाटतो. पण ऑक्सिजन जवळजवळ नसलेल्या हवेत श्वास घेणं हे श्वास रोखण्यापेक्षाही वाईट असतं. श्वास रोखला तर निदान फुप्फुसातला साठा पुरतो. अशी हवा आत घेतली की ती रक्तातलाच ऑक्सिजन उलट बाहेर ओढते. दोन-तीन श्वासांत काही सेकंदांचा खेळ. ‘वर घ्या’ म्हणायलाही वेळ मिळत नाही, त्यामुळे काठावरच्याला काही कळत नाही. पेवात किंवा विहिरीत कार्बन डायऑक्साइड असेल तर निदान धाप लागते. पण तो हवेच्या दीडपट जड, कमरेपर्यंत काही नाही आणि वाकलं की नाकातोंडात, असंही घडतं.

इथे कंदिलाची हद्दही सांगायला हवी. पेवासाठी तो चांगला, गटारासाठी घातक. मिथेन साठलेला असेल तर तो स्फोट करील. हायड्रोजन सल्फाइड किंवा कार्बन मोनॉक्साइड माणसाला मारायला पुरेसा असतो तेव्हाही ज्योत सरळ जळत राहते. म्हणून हाल्डेननेच कोळशाच्या खाणीत पाखरं न्यायला सुचवलं होतं. कॅनरी माणसाच्या आधी दांडीवरून पडते. ब्रिटनच्या खाणींतली ती पाखरं थेट १९८६ मध्ये निवृत्त झाली आणि त्यांच्या जागी हातात मावणारी यंत्रं आली. टाकीत उतरण्याआधी दोरीने आत सोडायचं तसलं यंत्र ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली गेला की ओरडायला लागतं. त्या वेळी कंदील अजून जळत असतो, आणि टाकीत डोकावणारा माणूस म्हणत असतो, काही नाही, ठीक आहे हवा.